शेजाऱ्याचा हप्ता मी का भरू? घरकर्जातली सरकारी सवलत, आणि ती न्याय्य असते का

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मागच्या रविवारी एकाने विचारलं, नोकरी गेलीय, दोन ईएमआय बाउन्स झालेत, यासाठी सरकारची काही स्कीम असते का. माणूस मदत मागत होता, पण दहा मिनिटांत ग्रुपवर दोन तट पडले. एक म्हणे शेतकऱ्याला कर्जमाफी मिळते मग मध्यमवर्गाला का नाही, दुसरा म्हणे मी बारा वर्षं पोटाला चिमटा काढून हप्ते भरलेत, मला कोण काय देणार. विचारणारा बिचारा गप्पच झाला.

हाच वाद जगात सगळ्यात मोठ्या आवाजात झाला तो अमेरिकेत, २००९ साली, सरकारने हप्ते न झेपणाऱ्या घरमालकांसाठी योजना आणली तेव्हा. तो मी बऱ्यापैकी जवळून बघितलाय. माझी मावसबहीण तेव्हा न्यू जर्सीत घर घेऊन राहत होती, आणि मी हिंजवडीत एका अमेरिकन कंपनीच्या घरकर्जाच्या सॉफ्टवेअरवर टेस्टिंग करत होते. थकवणाऱ्यांना सवलत कशाला, म्हणून ती तिकडून चिडून फोन करायची आणि त्याच योजनेचे फॉर्म माझ्या स्क्रीनवर असायचे. तेव्हा मीही तिच्याच बाजूने होते. आज नाही. का ते सांगते, पण आधी पायापासून सुरुवात करू.

घर तुमचं, पण कागद बँकेकडे

घरकर्जात दोन गोष्टी असतात, एक पैसे परत करायचं वचन आणि दुसरं तारण, म्हणजे वचन मोडलं तर बँक घर घेऊन विकणार. ही जप्ती आणि विक्री म्हणजे अमेरिकेतलं फोरक्लोजर. इथे लोकांचा हमखास गोंधळ होतो, कारण आपल्या बँकांत फोरक्लोजर म्हणजे मुदतीआधी कर्ज फेडून मोकळं होणं, पेढे वाटायची गोष्ट. तिकडे त्याच शब्दाचा अर्थ घर गेलं. आपल्याकडे पेपरात ज्या ताबा नोटिशी येतात, नाव, फ्लॅट नंबर, थकबाकी सगळं छापून, ते त्याच्या जवळचं. मी पुढे जप्तीच म्हणते.

आता बँकेच्या बाजूने बघा. जप्ती केली की बँकेला पूर्ण पैसे मिळतात असं आपल्याला वाटतं, पण तसं होत नाही. वकील, कोर्ट, रिकाम्या घराची देखभाल, मालमत्ता कर, आणि शेवटी लिलावात पडेल किंमत. म्हणजे जप्ती हा बँकेसाठीही तोट्याचाच सौदा असतो, फक्त घराची किंमत कर्जापेक्षा बरीच जास्त असेल तर तोटा होत नाही. हे लक्षात ठेवा, पुढचं सगळं यावर उभं आहे.

२००९ पर्यंत झालं काय

अमेरिकेत घरांच्या किमती २००६ पर्यंत वाढतच गेल्या, त्यामुळे बँकांना वाटायचं कुणालाही कर्ज द्या, नाहीच फेडलं तर घर विकून पैसे येतीलच. मग ज्यांची परतफेडीची ऐपत कच्ची आहे त्यांनाही कर्जं दिली, तीही अशी की पहिली दोन वर्षं व्याज कमी आणि तिसऱ्या वर्षापासून एकदम वाढणार. विकणारा एजंट सांगायचा, काळजी करू नका, दोन वर्षांत घराची किंमत वाढेल, तेव्हा नवीन कर्ज काढून हे फेडू. किंमत वाढत होती तोपर्यंत हे चाललंही. मग किमती पडायला लागल्या, लास वेगाससारख्या शहरात तर निम्म्याहून जास्त पडल्या, आणि नवीन कर्ज मिळेना, जुना हप्ता झेपेना, घर विकावं तर कर्जाएवढेही पैसे येईनात. घराच्या किमतीपेक्षा कर्ज जास्त झालं की तिकडचे लोक म्हणतात घर पाण्याखाली गेलं.

त्यात २००८ च्या सप्टेंबरमध्ये लेहमन ब्रदर्स ही मोठी गुंतवणूक बँक बुडाली, ऑक्टोबरमध्ये बँका वाचवायला ७०० अब्ज डॉलरचा कायदा झाला, आणि नोकऱ्या धडाधड जायला लागल्या. म्हणजे ज्यांनी अगदी साधं, सरळ, झेपेल असं कर्ज काढलं होतं तेही अडकले, कारण पगारच थांबला. २०१० या एका वर्षात २८ लाखांहून जास्त घरांना जप्तीच्या कुठल्या ना कुठल्या टप्प्याची नोटीस लागली.

१८ फेब्रुवारी २००९ ला ओबामांनी ॲरिझोनातल्या मेसा शहरात जाऊन घरमालकांसाठी ७५ अब्ज डॉलरची योजना जाहीर केली. दुसऱ्याच दिवशी रिक सँटेली नावाचा टीव्ही पत्रकार शिकागोच्या वायदेबाजारातून लाइव्ह ओरडला की ज्यांच्याकडे जादा बाथरूम आहे आणि बिलं भरता येत नाहीत अशा शेजाऱ्याचं कर्ज फेडायची इथे कुणाकुणाची तयारी आहे. आजूबाजूचे सगळे ट्रेडर नाही नाही म्हणून ओरडले. सरकारी खर्चाविरुद्धची टी पार्टी नावाची चळवळ पेटायला ती क्लिप मोठं कारण ठरली. माझ्या बहिणीने मला ती लिंक पाठवली होती आणि खाली लिहिलं होतं, अगदी मनातलं बोलला.

योजनेत नक्की काय होतं

सगळ्यात मोठा गैरसमज हा की सरकारने लोकांची कर्जं फेडली. तसं नव्हतं. योजनेचे मुख्य दोन भाग होते, दोन्हीची नावं लांबलचक, लोक हॅम्प आणि हार्प म्हणायचे.

हॅम्प ज्यांचा हप्ता थकलाय किंवा थकायच्या बेतात आहे त्यांच्यासाठी. उदाहरण घेऊ. एका कुटुंबाचं महिन्याचं उत्पन्न ५,००० डॉलर, कर्ज बाकी २ लाख २० हजार, २८ वर्षं शिल्लक, व्याज वाढून ९ टक्के झालेलं. हप्ता येतो साधारण १,८०० आणि घराचा कर, विमा धरून २,१००. म्हणजे उत्पन्नाचे ४२ टक्के नुसते घरात. योजनेचा नियम असा की हा आकडा ३१ टक्क्यांवर आणायचा, म्हणजे १,५५०. त्यासाठी आधी व्याज उतरवायचं, गरज पडली तर २ टक्क्यांपर्यंत, तरी भागलं नाही तर मुदत ४० वर्षांपर्यंत ताणायची, तरीही नाही तर मुद्दलाचा काही भाग बिनव्याजी शेवटी सारून ठेवायचा. आपल्या उदाहरणात व्याज सव्वापाच टक्क्यांवर आणलं की काम झालं. ही सवलत देताना मुद्दल एक डॉलरनेही कमी झालं नाही.

हे बँकेने का करावं? समजा घराची किंमत पडून १ लाख ४० हजार झालीय, जप्ती करून खर्च वजा जाता हातात येणार १ लाख १० हजाराच्या आसपास. त्यापेक्षा व्याज कमी करून २ लाख २० हजाराचं कर्ज चालू ठेवलेलं कधीही बरं, अगदी पुढे काही लोक परत थकतील हे धरूनसुद्धा. प्रत्येक अर्जाला हे गणित करायलाच लागायचं, आणि जप्तीत जास्त पैसे सुटत असतील तर सवलत द्यायची सक्ती नव्हती. सरकार व्याजातल्या तुटीचा थोडा वाटा उचलायचं, वसुली करणाऱ्या कंपनीला सुरुवातीला प्रत्येक कर्जामागे १,००० डॉलर बक्षीस द्यायचं, आणि घरमालकाने नवा हप्ता वेळेवर भरला तर वर्षाला १,००० डॉलर पाच वर्षांपर्यंत त्याच्या मुद्दलात जमा. गुंतवणूक म्हणून घेतलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या घराला तेव्हा यातलं काही नव्हतं, स्वतः राहतोय तेच घर चालायचं, आणि बाकी कर्ज साधारण ७ लाख ३० हजार डॉलरच्या आत हवं.

आपल्याकडे दुकानदार जुन्या गिऱ्हाईकाची उधारी थकली की काय करतो? दर महिन्याला जमेल तेवढं दे म्हणतो. गिऱ्हाईक पळून गेलं तर सगळंच बुडणार हे त्याला माहीत असतं. हॅम्पचा गाभा तोच.

पण मी वेळेवर भरले त्याचं काय

हा आक्षेप सगळ्यात जास्त टोचतो आणि तो खोटा नाही. माझी बहीण आणि तिचा नवरा दोघं नोकरी करायचे, बाहेर खाणं बंद, भारतात येणं तीन वर्षं पुढे ढकललेलं, एक हप्ता चुकवला नाही. त्यांचं घरही पाण्याखाली गेलेलं, व्याज सव्वासहा टक्के. बाजारात व्याजदर उतरले होते पण घराची किंमत कर्जाएवढी नसल्यामुळे त्यांना कुणी नवीन कर्ज देईना. मग तिला वाटणारच ना की थकवलं असतं तर बरं झालं असतं.

आता दुसरा भाग ऐका, हार्प. हा बरोबर अशाच लोकांसाठी होता, हप्ते वेळेवर भरलेत पण घराची किंमत पडल्यामुळे जुन्या व्याजात अडकलेत. अट काय, तर गेल्या सहा महिन्यांत एकही हप्ता उशिरा नको, आणि कर्ज फॅनी मे किंवा फ्रेडी मॅक या, बँकांकडून घरकर्जं विकत घेणाऱ्या आणि सरकारच्या ताब्यात आलेल्या दोन संस्थांकडे हवं. सुरुवातीला यात किती पाण्याखाली चालेल याला मर्यादा होती, २०११ च्या शेवटी ती काढायचं ठरलं, आणि २०१२ मध्ये माझ्या बहिणीचं व्याज चार टक्क्यांच्या खाली आलं. मला तिचा तो फोन आठवतो, हप्ता पाचशे डॉलरने उतरलाय, आई-बाबांना उन्हाळ्यात बोलावते म्हणाली. हॅम्पमध्ये कायमची सवलत मिळाली साधारण सोळा-सतरा लाख कर्जांना आणि हार्पमध्ये तीस लाखांहून जास्त कर्जं बदलली. म्हणजे वेळेवर भरणाऱ्यांना फायदा झालेली संख्या थकलेल्यांच्या जवळजवळ दुप्पट, आणि हे कुणी बोलतच नाही.

दुसरं म्हणजे शेजाऱ्याचं घर गेलं तर तुमचं काही जात नाही हेही खरं नाही. बहिणीच्या कोपऱ्यावरचं घर दीड-दोन वर्षं रिकामं होतं, न्यू जर्सीत जप्ती कोर्टातून होते आणि फार रेंगाळते. तिने फोटो पाठवला होता, गवत कमरेएवढं, दरवाजाला चिकटवलेला कागद उन्हाने पिवळा पडलेला, हँडलला बँकेचं कुलूप लटकतंय आणि पायरीवर एक लहान मुलाची तीनचाकी तशीच. पुढच्या हिवाळ्यात आतले पाइप फुटले. अशा घराशेजारचं घर कोण पूर्ण किमतीला घेणार? शिकागोतल्या एका अभ्यासात दोनशे मीटरच्या आत एक जप्ती झाली की आजूबाजूच्या घराची किंमत जवळजवळ एक टक्क्याने उतरते असं दिसलं होतं. एका गल्लीत अशी पाच घरं झाली की हिशोब तुम्हीच करा.

आणि तिसरं, थोडं कडू आहे पण बोलायला हवं. घरकर्जावर सवलत आपण सगळेच घेतो. अमेरिकेत व्याजावर करसूट आहे, आपल्याकडे जुन्या कर-पद्धतीत व्याजाचे दोन लाख वजा करता येतात, फेडलेल्या मुद्दलावरही सूट मिळते. तेही सरकारचेच पैसे, आणि ज्याचं घर मोठं, पगार मोठा, त्याला त्यातून जास्त मिळतात. ते आपल्याला हक्क वाटतं आणि नोकरी गेलेल्याचं व्याज कमी झालं की खैरात वाटते.

मग सगळेच मुद्दाम थकवतील

ही भीती बरोबर आहे, काही लोक असं करतातच. कंट्रीवाइड नावाच्या मोठ्या कर्ज कंपनीने २००८ मध्ये अनेक राज्यांशी तडजोड करून थकलेल्यांना सवलत जाहीर केली, तेव्हा भरू शकत असलेल्या काही लोकांनी हप्ते थांबवल्याचं अभ्यासात आढळलं. म्हणून नियम कसा लिहिलाय याला महत्त्व आहे. हॅम्पमध्ये पगाराच्या स्लिपा, कर खात्याकडून पडताळणी, अडचण काय आली याचं सहीनिशी निवेदन, आणि मग तीन महिने नवा हप्ता भरून दाखवायचा, तेव्हा सवलत पक्की. थकलेलंच असायला हवं अशीही अट नव्हती, थकणार हे दाखवता आलं तरी अर्ज घेत.

पण बहुतेक लोक का थकतात हे बघा ना. पुढे या योजनेवर झालेल्या अभ्यासात असं दिसलं की घर पाण्याखाली असलेल्यांचं मुद्दल कमी केलं तरी थकण्याचं प्रमाण फारसं बदललं नाही, महिन्याचा हप्ता कमी केला की बदललं. म्हणजे लोक कॅल्क्युलेटर घेऊन बसून घर सोडत नव्हते, त्यांच्याकडे त्या महिन्याला पैसेच नव्हते. आजारपण, घटस्फोट, नोकरी. त्यांना मुद्दलाची माफी नको होती, श्वास घ्यायला जागा हवी होती.

सरकारचे पैसे बुडतात म्हणाल तर त्याच देशात १९३३ मध्ये महामंदीत सरकारने एक महामंडळ काढून साधारण दहा लाख थकलेली कर्जं बँकांकडून घेतली आणि लांब मुदतीची करून दिली. जवळजवळ पाचातलं एक घर तरीही गेलं, पण १९५१ मध्ये ते बंद झालं तेव्हा हिशोब थोड्या नफ्यात दाखवला गेला. त्याच महामंडळाने शहरांचे नकाशे काढून काळ्या लोकांच्या वस्त्या धोकादायक म्हणून लाल रंगवल्या, हेही त्याच इतिहासात आहे.

खरा अन्याय कुठे झाला

माझं मत बदललं ते इथे. सवलत द्यायचं काम सरकारने ज्यांच्याकडे सोपवलं त्या वसुली कंपन्या बऱ्याचदा कर्जाच्या मालकच नव्हत्या. बँकांनी बरीच कर्जं आधीच गुंतवणूकदारांना विकलेली, या कंपन्या फक्त हप्ते गोळा करायच्या, आपल्या सोसायटीचा मॅनेजर जसा मेंटेनन्स गोळा करतो तशा. फ्लॅट विकला गेला, लिलाव झाला, मॅनेजरला काय फरक पडतो? उलट थकलेल्या खात्यावर दंड लागायचा तो त्यांचा, आणि जप्तीचा खर्च लिलावातून सगळ्यात आधी त्यांनाच परत मिळायचा. त्यांना सवलत द्यायची घाई का असेल?

आमच्या प्रोजेक्टमध्ये मी जो मॉड्यूल तपासत होते त्यात कागदपत्र आलं की तारीख पडायची, आणि नव्वद दिवस झाले की पगाराची स्लिप जुनी म्हणून लाल व्हायची. अर्ज वाचायला माणसं कमी, त्यामुळे नंबर यायच्या आत स्लिप लाल. मग सिस्टीम आपोआप पत्र काढायची, कागदपत्र अपूर्ण, परत पाठवा. माणूस परत पाठवायचा, परत नव्वद दिवस. टेस्टिंगसाठी आम्हाला नावं झाकलेली खरी खाती दिली होती, त्यातल्या एका खात्यावर तेच पत्र पाच वेळा गेलेलं, आणि शेजारच्या टॅबमध्ये त्याच खात्याची लिलावाची तारीख. दोन्ही एकाच वेळी चालू. मी डिफेक्ट म्हणून नोंदवलं, उत्तर आलं, जसं ठरलंय तसंच चालतंय. क्लोज केलं. तो खाते क्रमांक मी बरीच वर्षं विसरले नव्हते.

तीन महिन्यांची चाचणी म्हणून सुरू झालेले हप्ते लोक सहा-आठ महिने भरत राहिले आणि मग नकार आला, वर राहिलेला फरक आणि दंड एकदम मागितला. २०१२ च्या फेब्रुवारीत पाच मोठ्या बँकांना न वाचता सह्या ठोकलेल्या जप्तीच्या कागदांबद्दल आणि अशा कारभाराबद्दल ४९ राज्यांशी २५ अब्ज डॉलरची तडजोड करायला लागली, तोपर्यंत कित्येक घरं गेलेली. ७५ अब्ज जाहीर झालेले, खर्च त्याच्या बराच खाली राहिला. बँकांना पैसे आठवड्यांत पोचले आणि घरमालकाकडून पगाराची स्लिप पाच वेळा मागवली. शेजाऱ्याला फुकट मिळालं म्हणून आपण भांडत बसलो आणि शेजाऱ्याला बऱ्याचदा काही मिळालंच नव्हतं.

आपल्याकडे २०२० मध्ये

कोविडमध्ये रिझर्व्ह बँकेने २७ मार्च २०२० ला बँकांना हप्ते पुढे ढकलू द्यायची मुभा दिली, आधी तीन महिने, मग ३१ ऑगस्टपर्यंत. अनेकांना वाटलं सहा हप्ते माफ. माफ काही नव्हतं, व्याज चालूच होतं. नवीनच काढलेलं ३० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, २० वर्षं घ्या, हप्ता साधारण २६,०३५. सहा महिने काहीच भरलं नाही तर सुमारे १ लाख ३० हजार व्याज मुद्दलात मिसळतं, आणि हप्ता तोच ठेवला तर २४० च्या जागी २७० हप्ते भरायला लागतात. सहा न भरलेल्यांच्या बदल्यात तीस जास्त! बँकेच्या मेसेजमध्ये हे असं लिहून आलं असतं तर किती जणांनी हो म्हटलं असतं?

प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, आणि ऑक्टोबरमध्ये केंद्राने दोन कोटींपर्यंतच्या कर्जांना व्याजावरचं व्याज तेवढं परत द्यायचं ठरवलं. आपल्या उदाहरणात ते होतं जेमतेम २,२८० रुपये. पण यात एक गोष्ट मला मनापासून आवडली, ही रक्कम ज्यांनी हप्ते चुकवले नाहीत त्यांनाही दिली. मी सहाही हप्ते भरले होते, माझ्याही खात्यात नोव्हेंबरमध्ये काहीतरी हजार-दीड हजार आले. मार्च २०२१ मध्ये कोर्टाने दोन कोटींची मर्यादाही काढली, पण सगळं व्याज माफ करायला नकार दिला, ठेवीदारांना व्याज कुठून देणार म्हणून.

आणि भाड्याने राहणारा

या सगळ्यात ज्याच्या आक्षेपाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही तो भाडेकरू. त्याने अंथरूण पाहून पाय पसरले, घर घेतलंच नाही, किमती पडायची वाट बघत बसला, आणि सरकार किमती सावरायला निघालं. त्याचा राग मला समजतो. घर गेलेल्याला मदत करताना नोकरी गेलेल्या भाडेकरूलाही दोन-चार महिन्यांचं भाडं द्यायला हवं होतं असं माझं स्पष्ट मत आहे. तेव्हा ते फार थोड्यांना मिळालं.

फक्त जप्त्या होऊ दिल्या असत्या तर घर त्याला मिळालं असतं का, हे बघायचं तर बहिणीच्या कोपऱ्यावरचं घर बघा. लिलावात पडेल भावात गेलं, पण तेव्हा बँका हात आखडून होत्या, साध्या नोकरदाराला कर्ज मिळेना, रोख पैसे असलेल्यालाच घेता आलं. फिनिक्स, अटलांटाकडे तर मोठ्या गुंतवणूक कंपन्यांनी अशी हजारो घरं उचलली. इथे कुठल्याशा छोट्या कंपनीने घेतलं, पाइप बदलले, रंग काढला आणि भाड्याने दिलं. बहिणीने सांगितलं भाडं किती घेतात ते, आधी तिथे राहणाऱ्या कुटुंबाला हप्ता कमी करून मिळाला असता तर तो जेवढा बसला असता त्याच्यापेक्षा सहाशे डॉलर जास्त.